फक्कीच्या भिंती

तात्यारावांच्या घरातल्या बाया दिवसा पाणी पीत नसत, आणि ही गोष्ट आणखी कुणाला ठाऊक असो नसो, तात्यारावांना मुळीच ठाऊक नव्हती. पीत नसत म्हणजे अगदी कोरड्या राहत नसत. भाकरीबरोबर दोन घोट, चहाचा अर्धा कप, गोळी गिळण्यापुरतं पाणी, एवढं चालायचं. तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावलाय, असं मात्र दिवस मावळेपर्यंत होत नसे. कारण पाणी प्यायलं की परसाकडला जावं लागतं.

आता हा शब्दच बघा. परस म्हणजे घराची मागली बाजू. आजेसासूच्या काळी बाया खरंच घरामागून पांदीला जात असतील, म्हणून तो शब्द पडला. पुढे योजनेतून संडास आले. तात्यारावांच्या घरामागं जागा नव्हती, तेव्हा खड्डा पुढच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला खणला गेला. नाव परसाचं राहिलं आणि जागा दारात आली. स्वयंपाकघरातून तिथं जायची वाट एकच, ती बैठकीतून. आणि बैठकीत सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत तात्याराव बसलेले. एकटे नाही, गावातली दोन-चार माणसं धरून. त्यांच्यासमोरून सुनेनं हातात टमरेल घेऊन जाऊ नये, असं त्या घरात कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

शिवकन्या या घरात सून म्हणून आली त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. पहाटे उजाडायच्या आत एकदा आणि रात्री बैठक रिकामी झाल्यावर एकदा, एवढाच तिचा हिशेब. शेतात कामाला गेली की उसाच्या आडोशाला सोय व्हायची, म्हणून तिला रानात जायला आवडायचं. लोकांना वाटायचं, सून कामाची लय हौशी आहे.

गेल्या उन्हाळ्यात कंबर धरून ती अशी लोळली की नवऱ्यानं, योगीराजनं, मोटारसायकल बाजूला ठेवून जीप केली. गंगाखेडला दवाखान्यात मुतखडा निघाला. डॉक्टरनं विचारलं, "बाई, पाणी कमी पिता का?" शिवकन्येनं तोंड उघडायच्या आत तिची सासू बायनाबाई म्हणाली, "पिती की. चांगली पिती." डॉक्टर म्हणाला, पुन्हा झाला तर किडनीवर जाईल, मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही. शिवकन्येनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

जीपमधून परत येताना तिनं सासूकडं पाहिलं. बायनाबाई खिडकीबाहेर बघत होती. ही बाई लाजेपोटी खोटं बोलली, हे शिवकन्येला कळत होतं आणि तरी तिचा राग जात नव्हता. आम्ही काढले ना दिवस, मग तूही काढ, असंच या बाईच्या मनात असणार, अशी तिनं गाठ बांधून घेतली.

त्या वर्षी तात्यारावांनी नवीन घर काढायचं ठरवलं. जुन्या घराची पत्र्याची छपरं गळत होती आणि रस्त्याला लागून त्यांचा एक प्लॉट पडून होता. अरुंद, लांबट, मागं दुसऱ्याच्या गोठ्याची भिंत. नागेश मिस्त्रीनं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढून दिला. पुढं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी. मग प्लॉटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बैठक. बैठकीमागं एक खोली, आणि खोलीशेजारी सगळ्यात मागं स्वयंपाकघर.

तात्याराव तो कागद गावभर दाखवत फिरले. त्यातही त्यांचं बोट फक्त बैठकीवर असायचं. सोयरीक जमवायची, वाटणी मिटवायची, भांडण तोडायचं, गाव त्यांच्याकडं यायचं आणि अडचणीनं अर्धी माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आता वीस माणसं ऐसपैस बसतील, असं ते ज्याला त्याला सांगत. माणूस वाईट नव्हता. सुनेला कधी वाकडा शब्द नाही. फक्त त्यांची नजर बैठकीच्या आतल्या दारापर्यंत यायची आणि तिथून मागं फिरायची.

शिवकन्येनं कागद पाहिला. तेच घर, फक्त सिमेंटचं. एकदा भिंती उभ्या राहिल्या की तिच्या हयातीत कुणी त्या हलवणार नव्हतं.

तिनं योगीराजकडं विषय काढला. "आवो, सैपाकघराला भायेर जायला एक दार पायजे."

"कामून? बैठकीतून वाट हायच की."

"हवा येत न्हाई."

"खिडकी करू."

"उजेड येत न्हाई."

"आगं, लाईट हाय ना."

तिसऱ्या दिवशी तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि खरं कारण सांगितलं. योगीराज हसला. "मग जायचं की. दादा काय तुला धरून ठेवायलेत का?" ती म्हणाली, "तुमी सांगा त्येन्ला." तो म्हणाला, "मी? बापाला असलं कसं सांगू?" आणि त्यानं कूस बदलली. एवढा ट्रॅक्टर चालवणारा गडी, पण बापापुढं संडास हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

होळीच्या आधी बचत गटाच्या बायांना देवळाच्या मंडपात बोलावणं आलं. राजेश्री नावाची एक बाई तालुक्याहून गटाच्या कामाला यायची. या खेपेला तिनं कर्जाची गोष्ट काढलीच नाही. प्रत्येकीला मूठभर रांगोळी दिली आणि म्हणाली, फरशीवर आपापलं घर काढा. चूल, नळ, गोठा, बैठक, संडास, सगळं. मग तिनं सगळ्यांच्या पदरात मूठ मूठ ज्वारी घातली. दिवसभरात जिथं जिथं जाता, तिथं तिथं दर खेपेला एक दाणा टाका.

बायांना मजा वाटली. चुलीपाशी दाण्यांचा ढीग झाला. नळापाशी, गोठ्यापाशी ढीग झाले. राजेश्री एकेका घरावरून वाकून फिरत गेली आणि थांबली.

"संडास हाय ना सगळ्यांकडं?"

"हाय की," बाया म्हणाल्या.

"मंग तिथं दाणा कामून न्हाई कुणाचा?"

बायांनी आपापल्या रांगोळ्यांकडं पाहिलं. सगळ्यांचा तो चौकोन रिकामा होता. म्हातारी दगडाबाई म्हणाली, "बाई, कोंबडीनं टिपला असंल." सगळ्या खदाखदा हसल्या, आणि हसता हसता एकेक गप्प झाली. शिवकन्येला आपल्या चौकोनाकडं बघवेना. इतक्या वर्षांत हे दुखणं तिला आपल्या एकटीचं वाटत होतं, आणि इथं तर मंडपभर ते मांडून ठेवलेलं होतं.

निघताना तिनं राजेश्रीला गाठलं. "ताई, आमच्या घरी हे सांगायचं कसं?"

"सांगू नका," राजेश्री म्हणाली. "सांगितलेलं ऐकत न्हाईत. मांडून दाखवलेलं बघत्यात."

ते वाक्य शिवकन्येनं घरी आणलं. पण मांडायचं कुठं? जुन्या घरात रांगोळी काढून सासऱ्याला बोलवायचं, हे तिच्या हातून व्हायचं नव्हतं. ते काम आपसूक नागेश मिस्त्रीनं केलं. पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्कीनं आखणी करावी लागते. चुन्याची ती पांढरी भुकटी, दोरीच्या कडेनं सोडत गेलं की सगळं घर मापात जमिनीवर उतरतं. नागेश म्हणाला, परवा आखतो, सगळ्यांनी या आणि डोळ्यानं बघून घ्या, नंतर कुरकूर नको. संडास तेवढा त्यानं आधीच बांधून ठेवला होता, वर पत्रे टाकून, कामावरच्या माणसांसाठी.

त्या दिवशी सकाळी निघताना शिवकन्या माठापाशी गेली आणि तांब्याभर पाणी प्यायली. मग आणखी अर्धा तांब्या. बायनाबाई बघत होती. "आज कामून गं एवढी तहान?" शिवकन्येनं तांब्या पालथा घातला आणि ती वाटेला लागली.

प्लॉटवर आखणी झाली होती. उन्हात पांढऱ्या रेघा लखलखत होत्या. कागदावर जे पेन्सिलीनं काढलेलं होतं ते आता पायाखाली होतं, आणि एवढ्या एका गोष्टीनं सगळ्यांचं वागणं बदललं. तात्यारावांनी शेजारून बाज मागवली आणि बैठकीत टाकली. त्यांचे सोबती सटवाजी आले. त्यांनी अंगणातून येऊन जिथं दार सोडलेलं होतं तिथं चपला काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. योगीराज मोटारसायकल लावून सरळ रेघ ओलांडून आला, तर तात्याराव म्हणाले, "भिंतीतून कुठं यायलास? दारातून ये." योगीराज मुकाट्यानं मागं फिरला आणि दारातून आला. रेघेला असा मान मिळालेला शिवकन्येनं पाहिला. तिला जे हवं होतं ते सासऱ्यानंच सुरू करून दिलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. म्हणजे मागच्या चौकोनात. तीन दगड मांडून तिनं चूल पेटवली आणि चहा ठेवला. तात्याराव खूश झाले. "बगा," ते सटवाजींना म्हणाले, "घर उभं राह्यलं न्हाई तर चहा सुरू झाला." चहा बायनाबाईनं नेऊन दिला. सून आतल्या दाराच्या रेघेशी थांबली, रोज थांबायची तशी. दोघं म्हातारे चहा पीत गावातली कुणाची तरी गोष्ट चघळत बसले. बाहेर जायचं दार त्यांच्या अगदी पुढ्यात होतं.

शिवकन्येला आता खरंच जायचं होतं. तिनं टमरेल भरलं, पदर डोक्यावर घेतला आणि आतल्या दारात येऊन उभी राहिली.

बायनाबाई कप विसळता विसळता थांबली. "काय करायलीस? खाली ठेव ते."

"जायचंय, आत्याबाई."

"मंग जा की हिकडून, कडंनं. कुठं भिंत हाय?"

"हाय ना," शिवकन्या म्हणाली. "इथं भिंत हाय. घर झाल्यावर कडंनं कशी जाऊ?"

ती हळू बोलली होती, पण भिंती फक्कीच्या होत्या, त्यांनी आवाज अडवला नाही. नागेशनं दोरी गुंडाळायची थांबवली. सटवाजींनी कप खाली ठेवला. योगीराजनं मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. एरवी मध्ये वीट असते, माती असते, पडदा असतो. दारामागं कोण उभं आहे हे बैठकीतल्याला दिसत नाही. आज दिसत होतं. डोक्यावर पदर घेतलेली, खाली मान घातलेली, हातात टमरेल धरलेली सून दारात उभी होती आणि पुढं येत नव्हती.

"काय झालं?" तात्यारावांनी विचारलं.

"कुठं काय," बायनाबाई म्हणाली. "तुमी बसा."

इथंच ते मिटलं असतं. शिवकन्येला ते मिटताना दिसलं आणि तिला दवाखान्यातलं ते उत्तर आठवलं, पिती की, चांगली पिती. तिनं मान वर केली नाही, पण आवाज मोठा केला.

"मामा, मला संडासला जायचंय. तुमी बसलाव म्हणून मी उभी हाय. घरी बी मी अशीच आत उभी राहती, तुमाला दिसत न्हाई एवढंच. म्हणून मी दिवसा पाणी पीत न्हाई. खडा त्येच्यानं झाला."

सटवाजी उठले, म्हैस बघायची राहिलीय असं काहीतरी पुटपुटले, आणि दारातून बाहेर पडून चपला घालून निघून गेले. तात्यारावही उठले. तेही दारातूनच बाहेर पडले, रस्त्याच्या कडेला गेले आणि घराकडं पाठ करून उभे राहिले. शिवकन्या बैठकीतून चालत गेली. पत्र्याचं दार लावून घेतल्यावर तिला रडू आलं, आणि ते लाजेचं नव्हतं. बोलून झालं होतं, आता काय व्हायचं ते होवो, असं तिला वाटलं.

ती परतली तेव्हा तात्याराव बैठकीच्या मधोमध उभे होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, मिस्त्रीकडं पाहिलं.

"नागेश, सैपाकघराला मागून दार निघंल का?"

"मागं गोठ्याची भिंत हाय, तात्या. त्येन्ची भिंत फोडावी लागंल."

"मंग?"

नागेशनं मान खाजवली. "बैठकीच्या कडंनं बोळ काढता यील. सैपाकघरातून सरळ अंगणात. पर तेवढी बैठक जाईल. वीस माणसं न्हाई बसायची मंग."

तात्याराव बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत राहिले. वर्षभर गावाला दाखवलेली ती बैठक होती. त्यांच्या चेहऱ्यावर मोडलेलं मन सरळ दिसत होतं, आणि शिवकन्येला त्यांची दया आली, खोटं कशाला बोला.

योगीराजला बापाचा चेहरा बघवला नाही. "दादा, बैठक कशाला मोडायली? घरात समजून घेतलं तर निघती वाट. मायचं न्हाई का भागलं इतकी वर्षं?"

हे बोलून त्यानं आपल्या बापाची सोडवणूक केली असं त्याला वाटलं असेल. तात्याराव मात्र बायनाबाईकडं वळले. लग्नाच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला होता आणि तो कसा विचारावा हेही त्यांना कळत नव्हतं.

"तुझं कसं भागलं गं?"

बायनाबाईनं कप पालथा घातला. "तुमी बाजारला जायचात ना, त्या दिवशी दिवसाउजेडी. बाकी अंधारात."

"आन म्या बाजारला गेलो न्हाई तर?"

"तर न्हाई."

मग तात्यारावांना काहीतरी आठवलं, आणि आठवलं ते त्यांच्या तोंडावर आलं. "माझा पाय मोडला होता. दोन महिने मी बैठकीत बाजेवर होतो. बघायला येणारं गाव, आन राती सोबतीला भावकीतली माणसं तिथंच झोपायची."

"व्हय," बायनाबाई म्हणाली.

"तवाच तू चारठाण्याला गेलतीस. भावाकडं."

"गेलते."

शिवकन्येला ही गोष्ट पाठ होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ऐकत आली होती. नवरा पाय मोडून पडला आणि ही माहेरी जाऊन बसली, हे तात्याराव चार माणसांत हसून सांगायचे, आणि ते हसणं वरवरचं असायचं. बायनाबाई कधी उलटून बोलली नव्हती. खाली मान घालून चहा द्यायची आणि आत यायची.

"तुला ताप होता म्हणं तवा," तात्याराव म्हणाले.

"लघवीला आग व्हायली होती. जीव चाललाय असं वाटलं. भावाच्या घराला मागं परस हाय."

तिनं हे तक्रार करून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं, आणि ती पुढचा कप विसळू लागली. शिवकन्या तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं तिच्या हातातला कप घेतला. जीपमध्ये बांधलेली गाठ तिची तिलाच आता रुतत होती. ती कप विसळत राहिली.

तात्यारावांनी वाकून फक्कीची पाटी उचलली. नागेश दोरी घेऊन पुढं आला, तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं आणि आपल्या बैठकीच्या आतून, स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत, मुठीनं फक्की सोडत गेले. रेघ वाकडी आली. मध्ये दोन ठिकाणी तुटली.

"तीन फूट लय झाला, तात्या," नागेश म्हणाला. "माणूस आरामात जातं."

तात्यारावांनी तुटलेल्या जागी परत फक्की टाकली. ते कुणाकडंच बघत नव्हते.

"चार धर," ते म्हणाले. "दोघी हायत."